झ्वीडेचा कर्णधार

रग्बी हा खेळ महाराष्ट्रांतील बहुतेकांनीं पाहिलेला नाहीं. मुंबईच्या जिमखान्यावर तो खेळला जातो. आणि कलकत्त्याशीं त्याचा एक जुना ऋणानुबंध आहे. तेथील एक रग्बी-मंडळ मोडलें तेव्हां सभासदांनीं पेढींत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढले, ते आटवून एक प्याला घडविला व १८७८ सालीं तो इंग्लंडच्या रग्बी-संस्थेस अर्पण केला. इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ त्या प्याल्यासाठीं झुंजतात. एवढा संबंध सोडला तर हा खेळ आपणांस परकाच म्हटला पाहिजे. म्हणून त्याच्या एका कर्णधाराची हकीकत सांगण्यापूर्वीं खेळाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे.

पंधरा पंधरा गड्यांचे दोन संघ, लंबगोल चेंडू आणि ऐशीं मिनिटांचा सामना. चेंडू काखेंत घेऊन पुढें पळत सुटावयाचें. प्रतिपक्षाच्या गड्यांनीं पळणाऱ्यास मिठी घालून भुईवर लोळवावयाचें. हुतुतूंत चढाईवर आलेल्या गड्याचे पाय धरून त्यास खालीं आणतात, तोच प्रकार. मात्र येथें समोरचा गडी अडीच मणांचा असतो व वाऱ्यासारखा धांवत येत असतो. अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू भुईस टेकविला म्हणजे पांच गुण, आणि दोन उंच खांबांच्या मधून तो लाथेनें उडविला तर प्रसंगानुसार दोन किंवा तीन. एक नियम मोठा विलक्षण आहे. चेंडू सोबत्याकडे हातानें फेकावयाचा झाल्यास तो मागेंच फेकावा लागतो, पुढें फेकतां येत नाहीं. स्वतः पुढें जावयाचें आणि हातांतलें मागच्यास द्यावयाचें, हा नियम कोणाहि शिक्षकास आवडण्याजोगा आहे.

हा खेळ गोऱ्या लोकांनीं दक्षिण आफ्रिकेंत नेला. त्या देशाच्या संघानें आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८९१ सालीं पोर्ट एलिझाबेथ या बंदराच्या शहरीं खेळला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९९१ च्या जून महिन्याच्या १६ तारखेस, त्याच शहराच्या झ्वीडे नांवाच्या काळ्या लोकांच्या वस्तींत सियामथांडा कोलिसी याचा जन्म झाला. खोसा भाषेंत या नांवाचा अर्थ ‘आमचें त्याजवर प्रेम आहे’ असा होतो. लोक त्यास थोडक्यांत सिया म्हणतात. २०२१ मध्यें शहराचें नांव बदलून गेबेऱ्हा असें ठेवण्यांत आलें. त्यांतील पहिला वर्ण जिभेचा ‘टक्’ असा ध्वनि काढून उच्चारतात. तो आपल्या बाराखडींत कोठेंच बसत नाहीं.

जन्माचा दिवसहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पंधरा वर्षांपूर्वीं, १९७६ च्या १६ जून रोजींच, सोवेटो येथें शाळेंतलीं मुलें परक्या भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आलीं आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सियाच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशीं, १९९१ च्या १७ जून रोजीं, प्रत्येक मनुष्याची वर्णवार नोंद करणारा १९५० चा कायदा तेथील विधिमंडळानें रद्द केला. तेव्हां हा मुलगा त्या कायद्याखालीं एकच दिवस जगला असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु सरकारी दप्तरांतील कायदा पुसल्यानें वस्तींतले रस्ते रुंद होत नाहींत आणि चुलीवर भांडें चढत नाहीं.

सियाचा जन्म झाला तेव्हां आई सोळा वर्षांची होती व बाप अठरा वर्षांचा. मुलाचा सांभाळ बापाच्या आईनें केला. ही आजी लोकांच्या घरीं स्वयंपाकघरें धुण्याचें काम करी. पुढें प्रकृति खालावल्यामुळें तेंहि सुटलें. घरांत अन्न थोडें असे त्या दिवशीं आपल्या ताटांतलें नातवास देऊन ती स्वतः उपाशी राही. रात्रीं निजावयास पलंग नव्हता. बैठकीच्या गाद्या जमिनीवर पसरून मुलगा त्यांवर निजे. खेळणें म्हणून त्याच्याजवळ एक वीट होती. तीच त्याची मोटार. ती तो मातींतून ढकलीत नेई आणि तेवढ्यांत त्याचें समाधान होई. पुढें मोठेपणीं हें सर्व त्यानें अनेकदां सांगितलें आहे, आणि सांगतांना कोणास दोष दिलेला नाहीं.

वस्तींतल्या एम्सेंगेनी प्राथमिक शाळेंत तो जाई. तेथें मुलांस शेंगदाण्याचें लोणी लावलेला पाव मिळे. कित्येक दिवशीं तेंच त्याचें दिवसाचें जेवण असे. श्रोतेहो, ज्यांनीं शाळेंत जन्म काढला आहे त्यांना या पावाचा अर्थ निराळा सांगावयास नको. सकाळच्या तिसऱ्या तासाला फळ्याकडे पाहणारें मूल आणि फळ्यापलीकडे पाहणारें मूल यांतला भेद बुद्धीचा नसतो, न्याहारीचा असतो. महाराष्ट्रांतल्या कित्येक शाळांतील हजेरी दुपारच्या खिचडीनें वाढली हें खेड्यापाड्यांतला प्रत्येक मास्तर जाणतो. सिया कोलिसी शाळेंत टिकला त्यांत त्या पावाचा वांटा मोठा आहे.

आतां येथें एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. रग्बी हा दक्षिण आफ्रिकेंत केवळ गोऱ्यांचा खेळ होता असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. पूर्व केप प्रांतांतील खोसा लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, मिशनऱ्यांच्या शाळांतून, तो खेळत आले आहेत. झ्वीडेंत डॅन केके यांच्या नांवाचें क्रीडांगण आहे. वर्णभेदाच्या दिवसांत गोऱ्यांच्या कृपेवर चालणाऱ्या रग्बीपासून दूर राहून ज्यांनीं काळ्यांच्या स्वाभिमानी संघांचें नेतृत्व केलें, ते हे केके. म्हणजे गुण होते, हौस होती, परंपराहि होती. हिरवा सदरा मात्र काळ्या गड्यांस वर्ज्य होता. गोऱ्या सरकारच्या काळांत त्या हिरव्या सदऱ्याचा काळ्यांना इतका तिटकारा आला होता कीं, परदेशचे संघ दक्षिण आफ्रिकेशीं खेळूं लागले म्हणजे काळे प्रेक्षक परदेशच्या संघाचा जयजयकार करीत. ह्या धोरणापायींच १९८७ व १९९१ च्या पहिल्या दोन विश्वचषक-स्पर्धांत त्या देशास स्थान मिळालें नाहीं.

१९९५ सालीं ती स्पर्धा दक्षिण आफ्रिकेंतच भरली. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला तोच तिरस्कृत हिरवा सदरा अंगांत घालून अंतिम सामन्यास आले. त्यावर सहाचा आंकडा होता. कर्णधार फ्रान्स्वा पिनार याचा तो आंकडा. न्यूझीलंडवर १५-१२ असा विजय मिळाला व मंडेलांनीं आपल्या हातानें पिनारला चषक दिला. जगानें टाळ्या वाजविल्या, आणि त्या योग्यच होत्या. परंतु त्या विजयी पंधरांत गौरेतर गडी एकच होता, चेस्टर विल्यम्स. सिया त्या वेळीं चार वर्षांचा होता.

सियाच्या शाळेंत एरिक सोंग्विकी नांवाचे एक शिक्षक होते. वस्तींतल्या आफ्रिकन बॉम्बर्स या संघाशींहि त्यांचा संबंध होता. सियाला रग्बीच्या मैदानावर आणलें तें त्यांनीं. शाळा सुटल्यावर गुरुजींनीं मैदानावर थांबावें असें कोणत्याहि करारांत लिहिलेलें नसतें. वेतनपत्रकांत त्याचा रकाना नसतो. तरीहि कांहीं शिक्षक थांबतात. वस्तींत दारू होती, मारामारी होती, आणि रिकाम्या पोटाचा मुलगा त्या वाटेनें जाण्यास उशीर लागत नाहीं. सियानें स्वतःच पुढें मोकळेपणानें लिहिलें आहे कीं, लहानपणीं त्यानें वाईट गोष्टी पाहिल्या व कांहीं केल्याहि. मैदानावरचे ते तास त्या वाटेवरून वळविलेले तास होते.

सिया बारा वर्षांचा असतांना मॉसेल बे या गांवीं मुलांची एक स्पर्धा झाली. त्याच्याजवळ खेळाची अर्धी विजार नव्हती. तेव्हां तो आंतल्या रेशमी चड्डीवरच मैदानांत उतरला. हंसणारे हंसले असतील. पण काठावर उभ्या असलेल्या जाणत्या डोळ्यांनीं चड्डी पाहिली नाहीं, पळणें पाहिलें. आणि पोर्ट एलिझाबेथच्या ग्रे शाळेनें त्याला शिष्यवृत्ति देऊं केली. ही शाळा १८५६ सालीं स्थापन झालेली, प्रशस्त हिरवळींची, श्रीमंतांच्या मुलांची. झ्वीडेपासून ती कांहीं मैलांवर आहे. पण तितकेच मैल चालून तेथें पोंचलेलीं मुलें किती निघतील?

या शाळेंत त्यास पोटभर जेवण मिळालें, पायांत बूट आले, अंगावर गणवेश आला. अडचण होती ती भाषेची. इंग्रजी त्यास जवळ जवळ येतच नव्हती. एका गोऱ्या वर्गमित्रानें त्याला इंग्रजी शिकविली व त्याच्याकडून आपण खोसा शिकला. हा सौदा किती सुंदर! वर्गांत मुका बसलेला मुलगा मठ्ठ नसतो, हें पुष्कळ शिक्षकांच्या ध्यानांत येण्यास वर्षें लागतात; त्या सोबत्याच्या तें पहिल्याच दिवसांत ध्यानांत आलें.

आजी व आई दोघीहि पुढचें वैभव पाहण्यास राहिल्या नाहींत. २००७ सालीं दक्षिण आफ्रिकेनें पॅरिस येथें इंग्लंडला १५-६ असें हरवून दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. घरीं दूरदर्शन-यंत्र नसल्यामुळें सोळा वर्षांच्या सियानें तो सामना वस्तींतल्या दारूच्या गुत्त्यांत, गर्दींत उभें राहून पाहिला. खेळामुळें सारे लोक कसे एकवटतात तें तेथें त्याला दिसलें. त्या वेळच्या विजयी पंधरांत गौरेतर गडी दोन होते. बारा वर्षांत एकाचे दोन झाले, एवढीच प्रगति.

पुढचा कांहीं काळ भराभर सांगून टाकण्यास हरकत नाहीं. शाळा संपल्यावर तो केपटाऊनकडे गेला, पश्चिम प्रांताच्या व स्टॉर्मर्सच्या संघांतून खेळला, आणि २०१३ च्या १५ जून रोजीं, म्हणजे बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, स्कॉटलंडविरुद्ध राष्ट्रीय संघांत उतरला. त्याची जागा बगलेच्या गड्याची. धक्काधक्कींत सर्वांत आधीं धांवून जाणें, समोरच्यास लोळविणें आणि भुईवर पडलेल्या चेंडूसाठीं झगडणें हें त्या जागेचें काम. टाळ्या दुसऱ्यास मिळतात, अंग याचें सुजतें. पैसा व प्रसिद्धि हातीं येतांच दारूनेंहि त्यास कांहीं काळ घेरलें होतें. तें त्यानें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत लपविलेलें नाहीं. चरित्रनायकाचे दोष झांकणें हा आपल्याकडील चरित्रकारांचा जुना रोग आहे. हा खेळाडू त्यांतून सुटला.

याच काळांत त्यानें केलेलें एक कार्य कोणत्याहि विजयपत्रकांत नाहीं. आईच्या मृत्यूनंतर तिचीं दोन लहान मुलें, सियाचा सावत्र भाऊ व सावत्र बहीण, अनाथाश्रमांत व परक्या घरीं वाढत होतीं. त्यानें त्यांचा शोध लावला, कायद्याच्या साऱ्या खटपटी केल्या व त्यांस आपल्या घरीं आणलें. तो स्वतः त्या वेळीं ऐन पंचविशीच्या आंतला होता.

२०१८ च्या मे महिन्यांत प्रशिक्षक रासी इरास्मस यांनीं सियास कर्णधार नेमल्याचें जाहीर झालें. १८९१ पासून, म्हणजे १२७ वर्षांत, आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्या देशाच्या संघाचा काळा कर्णधार कधींच झाला नव्हता. ९ जून रोजीं जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर इंग्लंडशीं सामना झाला. पहिल्या वीस मिनिटांतच इंग्लंड २४-३ असें पुढें गेलें. टीकाकारांच्या लेखण्या शाईंत बुडालेल्याच असतील. पण ऐशीं मिनिटें संपलीं तेव्हां गुणफलकावर दक्षिण आफ्रिका ४२, इंग्लंड ३९ असे आंकडे होते.

या नेमणुकीबरोबर एक जुना वाद पुन्हां उफाळला. गौरेतरांसाठीं संघांत जागा राखून ठेवाव्या कीं नाहीं? २०१९ च्या आरंभीं एका जपानी वृत्तसंस्थेशीं बोलतांना सियानें राखीव संख्येविरुद्ध मत दिलें. मंडेलांनाहि ती मान्य झाली नसती असें तो म्हणाला. मायदेशीं त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. ज्या पायरीवरून वर आलास तीच तोडतोस काय, असा टीकेचा सूर होता. परंतु त्याचें बोलणें पुरतें ऐकणारास दिसेल कीं, तो शेवटच्या पायरीविषयीं बोलत नव्हता, पहिलीविषयीं बोलत होता. आपण ग्रे शाळेंत गेलों नसतों तर धड जेवलों नसतों, धड वाढलों नसतों, आणि इतर मुलांना मिळाली ती तयारी आपणांस मिळाली नसती, असें त्यानें त्याच मुलाखतींत सांगितलें. राष्ट्रीय संघाच्या दारांत आंकडे मोजण्यापेक्षां झ्वीडेच्या शाळांत भाकरी, बूट व मैदान पुरवा, असा त्याचा आशय. हा विचार पूर्ण आहे असें म्हणवत नाहीं. दार बंद ठेवणाऱ्यांना आंकड्यांच्या धाकावांचून तें उघडण्याची बुद्धि होत नाहीं, हा इतिहास थोडा निराळा आहे काय? मॉसेल बेच्या मैदानावर त्या दिवशीं इतरहि मुलें धांवत होतीं. शिष्यवृत्ति ज्यांना मिळाली नाहीं त्यांचीं नांवें आज कोणी विचारीत नाहीं. तरी पण ज्यानें भूक भोगली तो भुकेपासून आरंभ करा म्हणतो, तेव्हां त्याचें म्हणणें झिडकारून टाकतां येत नाहीं.

त्याच वर्षीं विश्वचषक-स्पर्धा जपानांत झाली. पहिल्याच सामन्यांत न्यूझीलंडनें २३-१३ असा पराभव केला. साखळींत एकदां हरलेल्या संघानें तोंपर्यंत कधींहि विश्वचषक जिंकला नव्हता. पण पुढचे सामने जिंकीत संघ अंतिम फेरीस आला, आणि २ नोव्हेंबर रोजीं योकोहामा येथें इंग्लंडशीं गांठ पडली. सियाचा तो पन्नासावा आंतरराष्ट्रीय सामना. त्याचे वडील फेझाकेले आयुष्यांत प्रथमच परदेशीं आले होते, मुलाचा खेळ पाहण्यासाठीं. आरंभीच्या पंधरांत त्या दिवशीं काळे व मिश्रवर्णीय मिळून सहा गडी होते. हॅन्ड्रे पोलार्ड यानें लाथेनें बावीस गुण मिळविले. मकाझोले मापिम्पी व चेस्लिन कोल्बी यांनीं रेषेपलीकडे चेंडू टेकविला. मापिम्पीची कथाहि सियाच्याच तोडीची आहे. खेड्यांतून आलेला, आई, बहीण व भाऊ गमावलेला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या कोणाहि गड्यानें रेषेपलीकडे चेंडू टेकविण्याचा तो पहिलाच प्रसंग. ३२-१२ असा निकाल लागला व सियानें चषक डोक्यावर उचलला. सामन्यानंतर तो आपल्या पराक्रमाविषयीं बोलला नाहीं. आमच्या देशापुढें पुष्कळ संकटें आहेत. निरनिराळ्या वर्णांचे, निरनिराळ्या परिस्थितींतले आम्ही एका ध्येयानें एकत्र आलों, एवढाच त्याच्या भाषणाचा सारांश होता.

चषक घेऊन संघ मायदेशीं गांवोगांव फिरला तेव्हां तो झ्वीडेंतहि गेला. ज्या रस्त्यांवरून वीट ढकलली त्याच रस्त्यांवर दुतर्फा माणसें उभीं होतीं, शाळेंतलीं मुलें मोटारीमागून धांवत होतीं. पुढच्याच वर्षीं, २०२० मध्यें, साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली; हातावर पोट असलेल्यांच्या चुली विझल्या. त्या वर्षीं सियानें एक संस्था स्थापिली, आणि तिच्या पहिल्या कामांत शिध्याचीं गाठोडीं वाटण्याचें काम होतें. पावाच्या तुकड्यावर शाळा काढलेल्या माणसास आरंभ कोठून करावा याचा फार विचार करावा लागला नसेल.

२०२३ च्या एप्रिलमध्यें त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. वयाच्या बत्तिशीकडे झुकलेल्या रग्बीपटूस ही दुखापत म्हणजे बहुधा निवृत्तीची चिठ्ठी. विश्वचषक तर सप्टेंबरांत होता. शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टांत तो पुन्हां मैदानावर दिसला. फ्रान्समधील त्या स्पर्धेंत आयर्लंडनें १३-८ असें हरविलें. पुढें उपांत्यपूर्व सामन्यांत फ्रान्सवर २९-२८ आणि उपांत्य सामन्यांत इंग्लंडवर १६-१५ असे विजय मिळाले. दोन्ही वेळां फरक एका गुणाचा. प्रेक्षकांचे श्वास रोखले जात म्हणतात ते असे.

अंतिम सामना २८ ऑक्टोबर रोजीं पॅरिसजवळ न्यूझीलंडशीं झाला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन यास प्रतिपक्षाच्या गड्यास उंच धडक दिल्याबद्दल पूर्वार्धांतच लाल पत्र मिळालें व तो उरलेल्या सामन्यास मुकला. उत्तरार्धाच्या आरंभीं सियाच्या हातूनहि तसाच प्रमाद घडला. त्यास पिवळें पत्र मिळालें. दहा मिनिटें मैदानाबाहेर. हें पिवळ्याचें लाल होणार कीं नाहीं याचा विचार पंच पडद्याआड करीत असतां तो बाजूच्या खुर्चीवर बसून होता. कर्णधारास खेळांतली सर्वांत कठीण जागा कोणती असेल तर ती ही; संघ झुंजतो आहे, चूक आपली आहे, आणि हात बांधलेले आहेत. पत्र पिवळेंच राहिलें. दहा मिनिटांनीं तो परत आला. अखेरीस त्यास बदलीच्या गड्यास जागा द्यावी लागली, आणि शेवटचीं मिनिटें त्यानें बाहेरूनच पाहिलीं. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. पुन्हां एकच गुण.

चार वेळां विश्वचषक जिंकणारा तो पहिला देश ठरला. दोनदां तो उचलणारा कर्णधार सियापूर्वीं एकच झाला होता, न्यूझीलंडचा रिची मॅकॉ. चषक हातीं घेतला तेव्हां सियाच्या पाठीवर आंकडा होता तो सहाचा, मंडेलांनीं १९९५ सालीं हिरव्या सदऱ्यावर मिरविलेला.